पीहरची चुंदडी

शेवटचा साधा दिवस रविवार होता. संवत्सरी होऊन आठवडा उलटला होता, तरी क्षमापनेचे निरोप थांबले नव्हते. मम्मीचा फोन ओट्यावर, पिठाच्या डब्याला टेकवून ठेवलेला होता आणि सारखा वाजत होता. खमतखामणा. मिच्छामि दुक्कडम्. हात जोडलेली चित्रं, कमळं, मागे उगवता सूर्य. ती खाकऱ्याची पोळी लाटता लाटता हात पुसायची आणि प्रत्येकाला उत्तर पाठवायची.

"वर्षभरात ज्यांच्याशी एक शब्द बोलली नाहीस, त्यांचीही माफी मागायची?" मी विचारलं.

"ज्यांच्याशी बोललो नाही त्यांचीच तर मागायची," ती म्हणाली.

पिंप्राळ्यातल्या आमच्या घरात फ्रिजवर एक स्टीलची ताटली पालथी ठेवलेली असे आणि तिच्यावर तीन पेले, एकावर एक, उलटे. जमीन हलली तर आधी पेले वाजतील, म्हणून. माझा भाऊ श्रेयांस त्याला मम्मीची वेधशाळा म्हणायचा. त्या दिवशी मी फ्रिजचं दार जोरात लावलं आणि वेधशाळा खाली आली. पेले उचलून वळते तर ओट्यापाशी कोणी नाही. मम्मी मागच्या अंगणात उभी होती, हातात लाटणं, पायात चप्पल नाही.

"मम्मी, आम्हाला घेऊन तरी पळायचं," श्रेयांस आतून ओरडला. त्याचं लग्न ठरलं होतं, त्या दिवसांत तो प्रत्येक गोष्टीवर हसायचा.

तीही हसली. मग आत येऊन लाटणं धुताना हळूच म्हणाली, "घेऊन पळता येत नाही रे. पाय विचारत नाहीत."

मी इथल्या एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर इतिहास शिकवते. जेवणाच्या टेबलावर पुस्तकं पसरून दुसऱ्या दिवशीच्या तासाची तयारी करत होते.

"उद्या काय शिकवणार पोरांना?"

"भूकंप."

लाटणं थांबलं नाही. "त्याचा कसला इतिहास? हलतं, पडतं, माणसं मरतात."

"नंतरचा इतिहास, मम्मी. लोक नंतर काय करतात त्याचा."

मग मी तिला लिस्बनचं सांगितलं. सणाची सकाळ होती, लोक चर्चमध्ये प्रार्थनेला जमले होते आणि चर्च त्यांच्यावरच कोसळली. वेश्यांची गल्ली मात्र उभी राहिली, असं सांगतात. मग देवाला नेमका कोणाचा राग आला होता, यावर युरोपातले विद्वान वर्षानुवर्षं भांडत राहिले. टोकियोचं सांगितलं. तिथे भूकंपानंतर अफवा उठली की कोरियन मजूर विहिरींत विष टाकतात, आणि जे मजूर भूकंपातून वाचले होते त्यांना आजूबाजूच्या लोकांनी मारलं. बिहारचं सांगितलं. हा कोणत्या पापाचा दंड, यावर देशातली मोठी माणसं जाहीर वाद घालत होती.

"म्हणजे आधी जमीन हलते, मग माणसं," मम्मी म्हणाली. "आणि आपल्याकडचं?"

"किल्लारी शेवटी घेईन. दगडमातीच्या जाड भिंतींची घरं बसली. गावाबाहेर पालात, झोपडीत होते ते वाचले."

"हं." तिने तव्यावरचा खाकरा फडक्याच्या बोळ्याने दाबला. "वाचले त्यांनी नंतर काय केलं, ते आहे तुझ्या पुस्तकात?"

"थोडं आहे."

"थोडंच असणार."

आम्ही दोघी एकमेकींकडे न बघता बोलत होतो. पलीकडे पप्पा पेपर वाचत बसले होते.

सोमवारी सकाळी ती नेहमीसारखी सामायिकाला, रोजच्या ध्यानाला बसली. पांढरं आसन, तोंडावर मुहपत्ती, हातात माळ. वेळ झाली तरी उठली नाही, म्हणून मी हाक मारली. ती भिंतीला टेकून बसली होती, एवढंच. डॉक्टर आले, हृदय बंद पडलंय म्हणाले आणि गेले.

घर भरायला वेळ लागला नाही. सामायिकात देह ठेवला, केवढं पुण्य, असं प्रत्येक जण म्हणत होता. पप्पा, म्हणजे अभयकुमार, ज्यांना कापडाच्या दुकानात दिवसभर बोलावं लागतं, ते एका खुर्चीत गप्प बसले आणि ज्याने जो कागद पुढे केला त्यावर सही करत राहिले.

आम्हा मारवाडी जैनांत सवाष्ण बाई गेली की तिच्यावर शेवटची चुंदडी पडते ती पीहरची, म्हणजे माहेरची. सासरी कितीही भरलेलं असो, ते कापड माहेरूनच यायला लागतं. ते घालायला तिचा बाप किंवा भाऊ पुढे येतो, आणि तो येईपर्यंत तिरडी हलत नाही. मम्मीची चुंदडी धुळ्याहून येत होती. नानाजी निघाले होते.

नानाजी म्हणजे प्रेमराजजी, धुळ्याचे धान्याचे व्यापारी. ते माझ्या आईचे सख्खे वडील नाहीत, हे सगळ्यांना माहीत आहे. ते लपवण्यासारखं नव्हतंच, उलट अभिमानाने सांगायचं होतं. किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा त्या भागातल्या एका गावात आपल्या समाजाचं एकच घर होतं, किराणा दुकानदाराचं. नवरा, बायको, मुलं. नानाजी धुळ्याहून ट्रकमध्ये धान्य आणि चादरी घेऊन गेले होते. त्यांना छावणीत त्या घरातली एकटी उरलेली पोरगी सापडली. तारा. अंगावर कोणाचा तरी शर्ट, केसांत माती. त्यांनी नाव विचारलं तर बोलेना. मग अचानक तिने आमचा नवकार मंत्र म्हणायला सुरुवात केली, आणि हा जाडजूड व्यापारी छावणीत सगळ्यांसमोर रडला. तिला त्यांनी धुळ्याला आणलं, मुलीसारखी वाढवली. मारवाडातून दुकानदाराची एक म्हातारी बहीण मुद्दाम भेटायला आली. भाचीला तिने लहानपणी एकदाच पाहिलं होतं. तिने पोरीचा चेहरा हातांत धरला आणि म्हणाली, डोळे अगदी आईचे. पुढे ताराची तारादेवी झाली आणि जळगावला आली. दर वर्षी तीस सप्टेंबरला आमच्या घरी तिच्या आईवडिलांसाठी नवकाराचा जाप होतो. सगळं कुटुंब येतं.

हे सगळ्यांना माहीत असलेलं.

उरलेलं मला कळलं ते स्वयंपाकघराच्या फरशीमुळे. मी तेव्हा कॉलेजात होते. जुनी फरशी काढून नवी घालायचं काम सुरू होतं आणि ठेकेदाराने लातूरकडचा एक कारागीर आणला होता, हणमंता नावाचा. मम्मीहून थोडा लहान, हडकुळा, कानात भिकबाळीसारखं काहीतरी. मी त्याला भाऊ म्हणायचे, सगळ्याच कामाच्या माणसांना म्हणतो तसं. एके दिवशी ताप आला म्हणून मी दुपारी लवकर घरी परतले. दार नेहमीप्रमाणे नुसतं लोटलेलं. मम्मी घरात असली की दाराला कडी नसायची. आतून मला कोणीतरी बाई मोठ्याने हसताना ऐकू आलं. मग ती बाई बोलू लागली, भरभर, एका भाषेत जिचा एकही शब्द मला कळत नव्हता. तेलुगूसारखी वाटत होती, पण तेलुगूही नव्हे. मी स्वयंपाकघराच्या दारात गेले तर ती बाई मम्मी होती. अर्ध्या फरशीवर मांडी घालून बसली होती, समोर हणमंता, मध्ये चहाच्या बशा. ती इतकी मोठ्याने हसते हे मला माहीतच नव्हतं.

मला पाहून ती उठली. हणमंताने थापी उचलली आणि सिमेंट कालवायला लागला.

त्या संध्याकाळी ती मला मेहरूणच्या तलावाकडे फिरायला म्हणून घेऊन गेली. मला ताप होता, पण मी नाही म्हणाले नाही.

"माझा बाप दगड घडवायचा," ती म्हणाली. "आम्ही वडार. त्या गावातल्या निम्म्या भिंती त्याच्या हातच्या. आणि आम्ही स्वतः राहायचो गावाबाहेर पालात. पाल पडलं तर अंगाला काय लागतंय? कापड."



"दुकानदाराच्या घरी मी केरवारा करायची. त्यांची तारा माझ्याएवढीच. तिचे जुने झगे मला मिळायचे. तिची आई रोज सकाळी नवकार म्हणायची, झाडता झाडता मला पाठ झाला. भूकंप झाला आणि ते घर बसलं. माझा बाप पुढे कितीतरी दिवस माणसं काढत होता. दगड उचलायचा नि ओळखायचा. हा या घराचा, हा त्या घराचा."

"आणि नानाजी?"

"ते आले. विचारत होते, आमच्या माणसांतलं कोणी वाचलं का. बाप तिथेच उभा होता. त्याने माझा दंड धरला, पुढे केलं आणि म्हणाला, ही हाय की. त्या घरची पोरगी. हिला कुणी राहिलं न्हाई. एवढं म्हणाला आणि गर्दीत मागे सरकला."

"आणि तू नवकार म्हटलास."

"म्हटला."

"का?"

"भूक लागली होती गं," मम्मी म्हणाली.

पाण्यावर बगळे उतरत होते. बऱ्याच वेळाने तिने उरलेलं सांगितलं. हणमंता तिचा धाकटा भाऊ. पुनर्वसनाच्या गावात पत्र्याच्या घरात आईबाप आणि तो राहत होते. धुळ्याचे शेठ पोरीला घेऊन गेले एवढंच त्यांना ठाऊक होतं, आणि तिथून माग काढत, कामं धरत धरत तो जळगावपर्यंत आला होता. बाप म्हणायचा, आपल्या दगडांनी त्यांची पोर घेतली, आपण आपली दिली. भिंतीचा दगड त्याने पुन्हा कधी घडवला नाही, नुसते पाटे-वरवंटे केले.

"नानाजींना सांगायचं होतं ना नंतर. मोठी झाल्यावर."

"जो माणूस तसा रडतो, त्याला नंतर काय सांगणार? आणि तुझ्या पप्पांना काय सांगू? तारा कधीच मेली म्हणून?" मग तिने माझं कपाळ हाताने पाहिलं. "चल. ताप चढलाय तुझा."

घरातला जाप खोटा नव्हता. ज्यांच्यासाठी होता ती माणसं खरोखरच मेली होती, आणि त्या घरचं तिने खाल्लं होतं. फक्त ती माणसं तिची नव्हती. तिची होती ती जिवंत होती आणि त्यांचं नाव घ्यायची सोय नव्हती. पुढे तिचा बाप खरंच गेला तेव्हा घरी पारण्याला पाहुणे होते. फोनवर 'फरशीवाले' असं नाव उमटलं. ती ऐकत राहिली, हं हं म्हणत राहिली, फोन ठेवला आणि पुऱ्या तळायला लागली. मी झारा तिच्या हातातून घ्यायला गेले तर म्हणाली, "तुझ्या फुगत नाहीत." त्या वर्षीच्या जापात ती पहिल्यांदा रडली. सगळे म्हणाले, बघा, इतकी वर्षं झाली तरी अजून विसरली नाही. मी तिच्या शेजारीच बसले होते, तोंडावर मुहपत्ती.

मी तेव्हा पुष्कळ वाचत होते. आपत्तीनंतर माणसं कशी नवी नावं घेतात, जुन्या वस्त्या कशा वेगळ्याच मांडणीने पुन्हा बसतात, कोण कोणाच्या शेजारी येतं, कोण बाहेर राहतं, याच्यावर मी एक निबंधही लिहिला होता. त्याला चर्चासत्रात बक्षीस मिळालं. त्यात मी किल्लारीच्या बायकांबद्दल लिहिलं होतं. त्या बायका, असं लिहिलं होतं.

तर सोमवारी सकाळी, नानाजी वाटेत असताना, मी मागच्या अंगणात जाऊन 'फरशीवाले' हा नंबर लावला.

पलीकडे दगड कापायच्या यंत्राचा आवाज होता. तो बंद झाला.

"बाई गेल्या," मी म्हणाले. त्याच्याशी बोलताना मी मम्मीला बाईच म्हणायचे.

 तो म्हणाला, "मी सोलापुरात हाय. रातीपस्तोर पोचतो. तवर ठिवताल का?"

"नाही. दुपारीच नेणार."

"बरं. चुंदडी लागती ना तुमच्यात? भावाची? आक्कानं सांगितलं व्हतं एकदा."

"धुळ्याहून येतेय."

"बरं बरं. येऊ द्या. मी उठावण्याला येतो मग." आणि मग त्याने विचारलं, "काय म्हणून येऊ, पोरी?"

तिथे मला उत्तर देता आलं असतं. आत ओसरीवर श्रेयांसच्या होणाऱ्या सासरची मंडळी चपला काढत होती. विधी, त्याची होणारी बायको, मला शोधत दारापर्यंत आली होती आणि माझ्याकडे बघत होती.

"फरशीचं काम केलं होतं ना तुम्ही आमच्याकडे," मी म्हणाले. "तसंच."

"हां. तसंच तर हाय," तो म्हणाला.

नानाजी आले. दोघांनी धरून त्यांना गाडीतून उतरवलं. त्यांच्या हातांत लाल चुंदडी होती, कडेला सोनेरी गोटा लावलेली. त्यांनी ती मम्मीच्या अंगावर घातली, सारखी केली, पुन्हा सारखी केली. पीहरवाले आले, आता उचला, असं कोणीतरी म्हणालं. मी खांबाला धरून उभी होते. त्या म्हाताऱ्याच्या प्रेमात खोटं काहीच नव्हतं, आणि म्हणूनच मला वर बघता येत नव्हतं.

उठावणा, म्हणजे शोकसभा, तिसऱ्या दिवशी समाजाच्या हॉलमध्ये होता. एका बाजूला पुरुष, एका बाजूला बायका, मध्ये मम्मीचा फोटो, चंदनाचा हार घातलेला. फोटोखाली नाव: तारादेवी अभयकुमार. पुढच्या रांगेत नानाजी, शेजारी पप्पा, त्यांच्या शेजारी विधीचे वडील.

आमच्याकडे धुण्याभांड्याला येणारी झुंबरबाई नशिराबादची. ती बायकांच्या मागून वाकून माझ्या कानाशी लागली. "ताई, बठ्ठा मझार बठेल शेतस, नी तो मानूस एकलाच भायेर उभा शे. कोन शे तो? रडी रायना."

सगळे आत असताना बाहेर एकटाच रडत उभा कोण, म्हणून मी बाहेर गेले. हणमंता चपलांच्या ढिगापाशी उभा होता. इस्त्री केलेला पांढरा शर्ट, त्याच्या मापाचा नसलेला. काखेत प्लॅस्टिकची पिशवी. पिशवीतून लाल काठ दिसत होता.

"उमरग्याला एका दुकानात मिळाली," तो म्हणाला. "तुमच्यातल्यासारखी न्हाई. पण लालच हाय. आता उपेग न्हाई म्हणा. तरी मोकळ्या हातानं कसं यायचं?"

"आत या ना."

"हितंच बरंय. आत समदे मोठे लोक." मग माझ्याकडे पाहून तो जरासा हसला. "जेवली का तू? आक्का म्हणायची, ही पुस्तक धरलं की जेवत न्हाई. न वाचता बी जेवत न्हाईस व्हय?"

तेवढ्यात विधीचे वडील फोनवर बोलायला बाहेर आले. फोन ठेवून त्यांनी हणमंताला नमस्कार केला. भला माणूस आहे, कोणालाही आधी नमस्कार करतो. "आपण कुठून?"

मी तोंड उघडलं. पण हणमंता आधी बोलला.

"मी फरशीवाला, शेठ. यांच्या सैपाकघराची फरशी मी केलती. बाई लई चांगल्या व्हत्या. चहा द्यायच्या." पिशवी त्याने पाठीमागे नेली. "येतो मी. गाडीचा टायम झाला."

अगदी सहज म्हणाला. त्याच्या बापाने छावणीत म्हटलं असेल तितकंच सहज. विधीचे वडील मान हलवून आत गेले. तो वाकून त्या ढिगात आपली चप्पल शोधायला लागला आणि मी उभीच राहिले. आयुष्यभर मी वाचत आले होते की भूकंपानंतर माणसांना कोणी कोणी बाहेर ठेवलं. राजांनी, जमावांनी, धर्मपंडितांनी. इथे कोणी राजा नव्हता, जमाव नव्हता. त्याला बाहेर मी ठेवलं होतं, फोनवर, चार शब्दांत, आणि त्याने ते माझ्यासाठी बिनचूक पाठ केलं होतं.

"भाऊ, थांबा," मी म्हणाले. "थोडंच थांबा. गाडी दुसरी मिळेल."

आतून माझं नाव पुकारलं गेलं. चेलना, दोन शब्द बोल.

मी आत गेले तेव्हा नानाजी बोलत होते. त्यांना उभं राहवत नव्हतं म्हणून माईक खुर्चीपाशी नेला होता. "भूकंपाने पुष्कळांचं नेलं," ते म्हणत होते. "मला मात्र त्याने दिलं. हिला जगात कोणी नव्हतं. त्या दिवशी हिने नवकार म्हटला नसता तर मी पुढच्या छावणीत गेलो असतो. माझ्या हातून काही चुकलं असेल तर बेटा, खमतखामणा." ते फोटोशी बोलत होते. हात जोडून बसले, आणि कोणीतरी माईक माझ्या हातात दिला.

मी एक कागद लिहून आणला होता. त्यात तिची तपश्चर्या होती, आठ-आठ दिवसांच्या उपासांच्या अठ्ठाया होत्या, तिचे खाकरे होते, वेधशाळासुद्धा होती, लोकांना जरा हसू यावं म्हणून. कागदाची घडी मी उघडली नाही. पप्पा माझ्याकडे बघत होते. तीन दिवसांत त्यांनी पहिल्यांदा कोणाकडे नीट पाहिलं असावं. श्रेयांस दारापाशी लोकांना पाणी देत होता. विधी तिच्या आईशेजारी बसली होती. दोन्ही घरं, ठरलेलं लग्न, नानाजींचं उरलेलं थोडंसं आयुष्य, सगळं त्या हॉलमध्ये सतरंजीवर बसलेलं होतं, आणि दाराच्या चौकटीत, उन्हात, पांढऱ्या शर्टाची एक बाही दिसत होती. ती अजून हलली नव्हती.

मला मम्मीचं अंगणात उभं राहणं आठवलं. हातात लाटणं, अनवाणी.

मी नानाजींच्या समोर जाऊन खाली बसले, त्यांच्या गुडघ्यापाशी. माईक मांडीवर होता, त्यामुळे माझा आवाज सगळ्या हॉलमध्ये गेला.

"नानाजी, खमतखामणा," मी म्हणाले. "हे दर वर्षी म्हणते तसं नाही. हे खरं. मम्मीला तुम्ही मुलगी मानलंत, ती तुमचीच होती, आणि ती गेली तीही तुमची म्हणूनच. पण तिला कोणी नव्हतं असं नाही. तिला आई होती, बाप होता. ते तारा नावाच्या मुलीचे नव्हते. तारा त्या घरात तिच्या आईवडिलांबरोबरच गेली. माझ्या आईचं नाव यल्लव्वा. तिचा बाप दगड घडवायचा, आणि तुम्ही आलात त्या दिवशी तो तिथे तिच्या मागेच उभा होता. तिने हे तुम्हाला सांगितलं नाही, कारण तुम्ही रडला होतात. मी सांगितलं नाही, कारण मला लाज वाटत होती. तिची नाही. तिच्यामुळे आमचं काय होईल, त्याची."   मी दाराकडे वळले. "बाहेर जे उभे आहेत ते फरशीवाले नाहीत. म्हणजे आहेत, पण ते माझ्या आईचे सख्खे भाऊ आहेत. त्यांनी पीहरची चुंदडी आणलीय, आणि ती मी त्यांना वेळेवर आणू दिली नाही. मामा, आत या. मामा, ती चुंदडी घेऊन आत या."